वाढत्या अंगाची वीजराणी

टॅमरॅक लेक गावात ऑक्टोबर संपेपर्यंत बर्फ पडलं नाही तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यामुळे हॅलोविनला दारोदार खाऊ मागत फिरायचे पोशाख घेताना इथल्या आईबापांचा एकच नियम असतो, वाढत्या अंगाचं घ्यायचं. चांगलं दोन मापं मोठं. पोर वाढेल म्हणून नव्हे, आत बर्फाचं जाडजूड जॅकेट मावलं पाहिजे म्हणून. परी असो, वाघ असो नाहीतर चेटकीण, या गावात सगळेच गुबगुबीत असतात. ज्यांना हे उमगत नाही त्यांची पोरं पोशाखावरून जॅकेट चढवून हिंडतात आणि दारोदार "तू कोण झालीयस गं बाळा?" असं विचारून घेतात. तो अपमान ती वर्षभर विसरत नाहीत.

रूडी साव्होला नावाचा पत्रकार हा नियम कोळून प्यायला होता. गावच्या साप्ताहिकात तो हॉकीचे सामने, नगरपालिकेच्या सभा आणि तळ्यातल्या माशांची खबरबात लिहायचा. पण दरवर्षी पानं पिवळी पडू लागली की संपादक ग्लेन त्याच्या टेबलावर येऊन टेकायचा आणि म्हणायचा, "पोशाखांचं परीक्षण तूच लिही बाबा. तुला तीन मुली आहेत. मला दोन कुत्रे आहेत." नगरपालिकेपेक्षा हे परीक्षणच गावात जास्त वाचलं जातं हे रूडीला ठाऊक होतं, आणि ते त्याला थोडं झोंबायचंही. दुकानातले तयार पोशाख आणायचे, तिन्ही मुलींना घालायला लावायचे आणि कोणत्या पोशाखाला ताऱ्यांऐवजी पाचपैकी किती हातमोजे मिळाले ते छापायचं. कसोट्या ठरलेल्या होत्या. जॅकेट आत मावतं का, मुखवट्यातून पायरी दिसते का, पाठीवरचा झगा गाडीच्या दारात अडकतो का, आणि सगळ्यात अवघड म्हणजे आईला हाका न मारता बाथरूमला जाता येतं का. या शेवटच्या कसोटीत जग वाचवणाऱ्या भल्याभल्या बायका नापास झाल्या होत्या.

यंदा सगळीकडे वीजराणीची चलती होती. छातीवर पिवळी वीज, पाठीवर निळा झगा, डोळ्यांवर रुपेरी मुखवटा. टीव्हीवर ती रोज संध्याकाळी कोणाला ना कोणाला वाचवायची आणि रूडीची धाकटी बर्डी रोज संध्याकाळी सोफ्यावरून उड्या मारायची. रूडीने ठरवलं, तीन वेगळ्या वीरांगना कशाला, एकच वीजराणी तीन वयांसाठी घेऊ. चार वर्षांची बर्डी, आठ वर्षांची जोनी आणि तेरा वर्षांची टिल्डा. लेखही नवा होईल आणि पोरींची फौजही.

अडचण टिल्डाची होती. तिने उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं, "मी यंदा येणार नाही."

त्यामागचं कारण घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण रूडीला पक्कं माहीत होतं. गेल्या हॅलोविनला मिसेस ओबर्गच्या दारात ते घडलं होतं. मिसेस ओबर्ग म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या व्यायामाच्या बाई. गावात अख्खं, मोठं चॉकलेट देणारं ते एकच घर, त्यामुळे ते कोणी चुकवत नाही. मुलींनी पिशव्या पुढे केल्या तेव्हा बाईंनी टिल्डाला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगं, तू केवढी मोठी! मला वाटलं, तू या दोघींना घेऊन आलेली मावशी." बाईंच्या मनात काही नव्हतं. तोंडाने फटकळ, इतकंच. पण टिल्डाने पिशवी पाठीमागे घेतली ती घेतलीच. रूडी बाकीच्या बापांसारखा रस्त्यावर कॉफीचा मग धरून उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि काही बोलला नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तर ती आणखी उंच झाली. खांदे पुढे, मान खाली, आणि अंगात कायम रूडीचा जुना करडा स्वेटशर्ट. जेवायला बसली की गुडघे सुद्धा त्या स्वेटशर्टात ओढून घ्यायची. स्वयंपाकघराच्या दारातून जाताना डोकं वर आपटेल अशा भीतीने ती वाकायची, आणि दाराच्या चौकटीला अजून वीतभर जागा असायची. रूडी ते रोज बघायचा. काय बोलावं ते मात्र त्याला सुचत नसे.

शेवटी त्याने लेखाचा आधार घेतला. "नुसतं घालून दाखव गं. तिसरं वय नसलं तर ग्लेन माझी पाठ सोडणार नाही."

"फक्त घालून दाखवीन," टिल्डा म्हणाली. "घरात. फोटो नाही. बाहेर येणं नाही."

"मान्य. सगळं मान्य!" एवढ्यावर सुद्धा रूडी खूश झाला. एकदा अंगात पोशाख चढला, बर्डीने हात ओढला, की येईल ती, अशी त्याची अटकळ होती. आणि नाहीच आली, तर तिघी एकत्र निघायच्या त्या संध्याकाळी आता संपल्या, हे त्याला आतून कळत होतं. तो विचार त्याला सहन होत नव्हता.

त्याने संगणकावर पोशाख मागवले. मापांच्या यादीत बर्डीच्या मापाहून दोन घरं खाली, म्हणजे दोन मापं मोठं, क्लिक. जोनीच्या मापाहून दोन घरं खाली, क्लिक. टिल्डाला मुलींचं सगळ्यात मोठं माप लागायचं, त्याहून दोन घरं खाली, क्लिक. वर्षानुवर्षांची सवय, बोटं आपोआप चालली. मुलींची मापं संपून खाली कोणाची मापं सुरू होतात, हे त्याने पाहिलंच नाही.

खोकी आली त्या दुपारी सगळी मंडळी स्वयंपाकघरात होती. मार्लिस, रूडीची बायको, इस्पितळातल्या दुपारपाळीला निघायच्या तयारीत उभ्याउभ्या कालची उरलेली हॉटडिश, म्हणजे भट्टीतली बटाट्याची खिचडी, खात होती. बर्डीचा पोशाख आधी निघाला. पायघोळ विजार, लांब बाह्या, आणि छातीदंडांवर कापसाचे असे फुगवटे की चार वर्षांची पोर एकदम पैलवान दिसायला लागली. तिने तो तिथेच अंगात घातला आणि फ्रिजला गुद्दा मारला.

जोनीच्या पोशाखात फुगवटे गेले होते, त्यांच्या जागी चमचम आली होती. विजारीच्या जागी झालरीचा घागरा, आणि कमरेला लुकलुकणारा पट्टा.

"हिला मसल्स आणि मला झालर?" जोनी कडाडली. ती गावच्या संघात हॉकी खेळायची. "आठव्या वर्षी वीजराणीचे मसल्स कुठे जातात?"

"लिहून घेतो," रूडी म्हणाला.

मग त्याने तिसरं खोकं उघडलं. त्यातून मुखवटा निघाला, लांब मोजे निघाले, झगा निघाला, आणि मग पाठीवर नाडीने आवळायची तोकडी चोळी आणि तिला जोडलेला हातभर सुद्धा नसलेला घागरा. त्याने खोकं उलटं करून झटकलं. जोनीने आत डोकावून पाहिलं.

"बाकीचं कुठाय?"

बाकीचं नव्हतंच. पाकिटावर एक मोठी बाई कमरेवर हात ठेवून, ओठ पुढे काढून उभी होती. खाली लिहिलं होतं, महिला, मध्यम. वय वाढत गेलं तसं वीजराणीचं कापड आटत गेलं होतं.

"डॅड, ही तळ्याच्या काठी पोचायच्या आत गारठून मरेल," जोनी म्हणाली.

टिल्डा पाकिटाकडे बघत होती. मानेपासून कानांपर्यंत ती लाल झाली होती. "मी हे घालीन असं वाटलं तुला?"

रूडीची त्रेधा उडाली, आणि नको तेच तोंडातून गेलं. "अगं, तसं नाही... म्हणजे तुझं माप आता तेच येतं ना."

मार्लिसने काटा खाली ठेवून डोळे मिटले. टिल्डा उठली, दारातून वाकून गेली, जिना चढली, आणि वरचं दार आपटलं.

"मी मुद्दाम नाही केलं," रूडी म्हणाला. "दोन मापं मोठं घेतलं फक्त. दरवर्षीसारखं."

"मला कळतंय. तिला सांग," मार्लिस कोट चढवत म्हणाली. "जा, माफी माग. आणि मग गप्प बस. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे, आणि तेच तुला जमत नाही."

पोशाख बदलून मिळायला वेळ उरला नव्हता. रूडी जिन्यावर जाऊन टिल्डाच्या बंद दाराशी उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. दोन घरं खाली, सवय, न बघता केलेलं क्लिक. "चुकलो मी, टिल्डा. आणि नंतर जे बोललो ते तर फारच चुकलो."

आतून ती म्हणाली, "मिसेस ओबर्ग बोलल्या तेव्हा तू काहीच का बोलला नाहीस?"

त्याला वाटलं होतं, त्याने ते ऐकलं हे तिला ठाऊकच नाही.

"मला सुचलं नाही गं."

"आणि आता सुचलंय?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "अजून नाही," तो म्हणाला.

मग त्याने बायकोच्या सांगण्यातलं दुसरं काम केलं आणि गप्प बसला. आतून दार काही उघडलं नाही.

पुढचे काही दिवस त्याने दोघी धाकट्यांवर परीक्षण चालवलं. बर्डीच्या पोशाखात जॅकेट मावलं. जॅकेट आणि मसल्स मिळून तिचे हात दोन्ही बाजूंना ताठ झाले आणि एकदा अंगणात पडली ती कासवासारखी उताणी राहिली, पण खूश होती. बाथरूमच्या कसोटीत तिने सपशेल मार खाल्ला. जोनीचा पट्टा बर्फ लागताच विझला. झगा गाडीच्या दारात दोनदा अडकला, दोन्ही वेळा रूडीच्याच हातून. त्याने बर्डीच्या पोशाखाला चार हातमोजे दिले आणि जोनीच्या पोशाखाला अडीच. तिसऱ्या वयाची जागा कोरी राहिली. ग्लेनने विचारलं तेव्हा रूडी म्हणाला, "ते चालू आहे." ग्लेनने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हॅलोविननंतरच्या अंकात छापू म्हणाला.

बर्डी पोशाख अंगातून काढायलाच तयार नव्हती. जेवायला वीजराणी, झोपायला वीजराणी. हॅलोविनच्या आदल्या दिवशी रूडी धुतलेले कपडे घेऊन जिना चढत होता, तेव्हा ती टिल्डाच्या दाराशी पालथी पडून दाराखालच्या फटीत बोलत होती. तो पायरीवर थांबला.

"तू नाही आलीस तर मी पण नाही जाणार. फौज तिघींची आहे."

"माझ्याकडे पोशाख नाहीये, बर्डी," आतून आवाज आला. चिडका नव्हता, थकलेला होता. "मुलींचं मला लहान होतं. आणि ते दुसरं बायकांचं आहे. माझ्या मापाचं काही नसतंच."

बर्डीने थोडा विचार केला. "मग जॅकेटवरून घाल ना."

"काय?"

"जॅकेटवरून. सगळे जॅकेटवरूनच घालतात." तिला यात अवघड काय आहे तेच कळत नव्हतं.

आत काही हललं. दार किलकिलं झालं आणि एका लांब हाताने बर्डीला मानगुटीला धरून आत ओढून घेतलं. रूडी कपड्यांची टोपली छातीशी धरून दबक्या पावलांनी परत खाली उतरला.

हॅलोविनच्या संध्याकाळी बर्फ भुरभुरत होतं. रस्त्यावर गुबगुबीत भुतं आणि गुबगुबीत राजकन्या हिंडायला लागल्या होत्या. रूडी कॉफीचा मग घेऊन दाराशी तयार उभा होता. बर्डी मुखवटा लावून, पिशवी घेऊन, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठाण मांडून बसली होती. जोनीचा पत्ता नव्हता. गॅरेजमधून मात्र मघापासून खुसखुस ऐकू येत होती.

"पोटात घे! आणखी घे!" हा जोनीचा आवाज.

"ती नाडी पुरत नाहीये, मूर्ख!"

"म्हणून तर माझ्या स्केट्सच्या नाड्या आणल्यात. श्वास सोड."

गॅरेजचं दार उघडलं आणि टिल्डा आत आली. अंगात रूडीचा हरणांच्या शिकारीला घालायचा, डोळे दिपवणारा नारिंगी डगला, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, आत कापूस भरलेला. त्यावरून ती तोकडी चोळी पाठीवर हॉकीच्या दोन नाड्यांनी कशीबशी बांधलेली. छातीवर पिवळी वीज. घागरा त्या सगळ्या पसाऱ्यावर पट्ट्यासारखा आडवा बसलेला. पायांत बर्फाचे बूट, पाठीवर निळा झगा. पाकिटावरच्या बाईचा मागमूस नव्हता. हिने नुसता खांदा लावला असता तर ट्रक हलला असता.

"कोणी एक शब्द बोलायचा नाही," टिल्डा म्हणाली.

रूडीच्या तोंडाशी दहा वाक्यं आली होती. हसूही आलं होतं. त्याने सगळं कॉफीच्या घोटाबरोबर गिळलं आणि दार उघडून धरलं.

पहिल्या काही घरी सगळं सुरळीत झालं. लोक हसले, पण पोशाखाला हसले, आणि टिल्डाही त्यांच्यात हसली. मग कोपऱ्यावर मिसेस ओबर्गचं घर आलं आणि तिची चाल मंदावली. खांदे पुढे आले. डगल्यातून सुद्धा रूडीला ते दिसलं.

"तुम्ही दोघी जा," ती म्हणाली. "मी इथे डॅडबरोबर थांबते."

"फौज!" बर्डी ओरडली.

रूडीने कॉफीचा मग टपालपेटीवर ठेवून दिला. "चला, मी पण येतो," तो म्हणाला. बाप लोक दारापर्यंत जात नाहीत, ते रस्त्यावर थांबतात, ही गावाची रीत. शेजारच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या दोघा बापांनी वळून बघितलं. रूडी पोरींच्या मागोमाग पायऱ्या चढला. यंदा काहीतरी बोलायचंच, असं त्याने ठरवलं होतं. काय, ते अजून ठरलं नव्हतं.

मिसेस ओबर्गनी दार उघडलं. "उफ डा! अबब, तीन तीन वीजराण्या!" त्यांनी बर्डीच्या पिशवीत चॉकलेट टाकलं, जोनीच्या टाकलं, आणि मग त्यांची नजर वर, आणखी वर गेली. "आणि ही? अगं, तू साव्होलांची थोरली ना! आणखी मोठी झालीस की गं तू!"

टिल्डाची पिशवी पाठीमागे जाऊ लागली. रूडीने तोंड उघडलं.

"ती मोठी नाहीये," बर्डी म्हणाली. फुगलेले दोन्ही हात बाजूला ताठ, आवाज खणखणीत. "ती वाढत्या अंगाची घेतलीय."

मिसेस ओबर्ग क्षणभर बघत राहिल्या. त्यांनीही या गावात चार पोरं वाढवली होती, चारही जॅकेटांसकट. त्यांची नजर नारिंगी डगल्यावरून त्या ताणलेल्या नाड्यांवर गेली, मग मुखवट्यामागच्या डोळ्यांवर आली आणि तिथे थांबली. बाईंचा चेहरा बदलला.

"मग बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आत जागा ठेवूनच घ्यायचं असतं. पण मग पोक काढून का उभी आहेस तू? सरळ उभी राहा बघू, सरळ! माझ्या तासाला असं उभं राहिलेलं मला चालत नसे. ती वीज दिसू दे मला नीट."

टिल्डा सरळ झाली. आधी मान, मग खांदे, मग पाठ. मागे जोनीची एक गाठ सुटली, आणि टिल्डा उंच होत गेली, होत गेली, शेवटी रूडीच्या भुवयांपर्यंत आली. आपली मुलगी इतकी उंच आहे हे रूडीने आज पहिल्यांदा धड पाहिलं. ती फार सुंदर दिसत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही.

मिसेस ओबर्गनी तिच्या पिशवीत एक चॉकलेट टाकलं. जास्त नाही, कमी नाही, बाकी दोघींना दिलं तेवढंच.

पायऱ्या उतरल्यावर धाकट्या दोघी पुढच्या घराकडे धावल्या. टिल्डा बापाच्या बाजूने चालू लागली. तिने टपालपेटीवरचा मग उचलून त्याच्या हातात दिला. कॉफी गार झाली होती.

"हे छापणार आहेस?"

"तू म्हणशील तर."

"छाप. पाच हातमोजे. पण खाली स्पष्ट लिही, शिकारीचा डगला पाकिटात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो." ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. "आणि बाथरूमच्या कसोटीत शून्य. मला आत्ताच जायचंय आणि यातून सुटायला जोनी लागणार."

रूडी हसला. मग ती पण हसली. पुढे बर्डी कोणाच्या तरी दारात पाय रोवून उभी होती आणि "टिल्डा! फौज!" म्हणून किंचाळत होती.

"आले!" टिल्डा ओरडली, आणि दोन पावलं धावून मागे वळली. "डॅड, हे शेवटचं हां. पुढच्या वर्षी मी नाही मागत फिरणार."

"बरं," रूडी म्हणाला. एवढंच त्याला जमलं.

"पुढच्या वर्षी मी तुझ्याबरोबर रस्त्यावर थांबेन," ती म्हणाली. "दोन मग आण."